थांबवल्यानं काही बिघडत नाही

साहेबांनी कागद हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्यातलं एक वाक्य मोठ्यानं वाचलं. 'शंका आली तर यंत्र थांबवा. थांबवल्यानं काही बिघडत नाही.' मग कागद टेबलावर ठेवून ते त्याच्याकडे बघत म्हणाले, "हे तुझं वाक्य." कागदाच्या तळाशी त्याचं नाव होतं, हुद्द्यासकट. तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. आणि ते वाक्य त्यानं लिहिलेलं नव्हतं. लिहिणं तर सोडाच, आयुष्यात कधी वाचलेलंही नव्हतं. सकाळचे साडेअकरा वाजले होते, खोलीतली हवा थंड केलेली होती, तरी मानेवरून घामाचा एक ओघळ कॉलरच्या आत उतरलेला त्याला स्पष्ट कळला. आरशासमोर उभं राहावं आणि आत भलताच कुणीतरी दाढी करताना दिसावा, तसं त्याचं झालं. हे माझं नाही, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलंही, पण आजच्या दिवशी ते अंग काढून घेण्यासारखं वाटलं असतं. तेव्हा तो गप्प बसला. गप्प बसणं त्याला चांगलं जमायचं.

त्याबद्दल तर ऑफिसात त्याचा लौकिक होता. सगळे त्याला मुनी म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. अठरा वर्षं तो इथं औषधाच्या पंपांचे प्रोग्राम लिहीत होता. पंप म्हणजे रुग्णाच्या खाटेशेजारी उभी असलेली, पाण्याच्या घागरीहून लहानच अशी एक पेटी. बाटलीतलं औषध ठरल्या वेगानं शिरेत सोडायचं, एवढंच तिचं काम. पेटीच्या आतला मेंदू त्याचा होता. इतरांना दहा पानं लागायची तिथं त्याचं काम दीड पानात व्हायचं आणि ते कधी अडत नसे. नवे लोक त्याचा प्रोग्राम वाचून वेडे व्हायचे. पण त्या प्रोग्रामबद्दल चार ओळी लिही म्हटलं की मुनींच्या कपाळाला आठी पडायची. प्रोग्राम समोर आहे, वाचा. वेगळं काय सांगायचं? एखादा बदल केला की सोबत टिपण जोडावं लागे, तिथं तो वर्षानुवर्षं दोनच शब्द लिहीत आला होता, 'किरकोळ दुरुस्त्या'. परवाच्या बदलालाही त्यानं तेच लिहिलं. परवाचा बदल तर त्याला स्वतःला फार आवडला होता. नवी बाटली लावली की नर्सला तीन बटणं दाबून मोजणी शून्यावर आणावी लागते, अशी तक्रार होती. त्यानं काय केलं, तर पंप दोन मिनिटांहून जास्त थांबला की नवी बाटली लावली असं पंपानंच समजावं, आणि सुरू करताच मोजणी आपोआप शून्यापासून धरावी, असं करून टाकलं. एक ओळ. ती लिहून झाल्यावर तो खुर्चीत मागं रेलला होता आणि आपल्यावर खूश होऊन त्यानं चहा मागवला होता.

काल दुपारी एका इस्पितळात सात नंबरच्या खाटेवरच्या गृहस्थांची चादर बदलायची होती. नर्सनं पंप थांबवला. गृहस्थ जड होते, कुशीवर वळवायला वेळ लागला. चार मिनिटं म्हणा, पाच म्हणा. मग तिनं पंप पुन्हा सुरू केला. ठरलेल्या मात्रेतलं तीन चतुर्थांश औषध आधीच अंगात गेलेलं होतं, आणि बाटलीत अजून बरंच होतं. पंपानं ते विसरून पूर्ण मात्रा पहिल्यापासून द्यायला घेतली.

"आमच्या भिंतीवर लावलंय ते वाक्य," टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या फोनमधून त्या इस्पितळाच्या मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "मोठ्या अक्षरात छापून लावलंय. नवीन मुलगी आली की पहिल्यांदा तेच दाखवते मी. घाबरू नकोस, शंका आली की थांबव. तुमचे कागद आले की माझ्या मुली वाचायच्या हो. इतकं सोपं लिहिलेलं असायचं, की मला परत समजावून सांगावं लागत नसे. आणि यावेळी काय आलं? किरकोळ दुरुस्त्या! किरकोळ?"

साहेब फोनकडे सरकले, पण बाईंचं संपलं नव्हतं.

"ती पोर घरी बसवली आहे आमच्याकडच्यांनी. चौकशी होईपर्यंत. सकाळपासून तिच्या आईचे फोन येतायत मला. आणि ते गृहस्थ अजून शुद्धीवर नाहीत. तुम्ही मला एवढंच सांगा, तिनं काय चुकीचं केलं?"

साहेब म्हणाले, "बाई, आम्ही बघतो." फोन ठेवल्यावर ते त्याच्याकडे वळले. हाच बदल आणखी अकरा इस्पितळांत पोचला होता. प्रत्येक पंपापाशी माणूस पाठवून जुना प्रोग्राम परत घालायचा तर उद्याची संध्याकाळ होणार. सगळे पंप एकदम बंद करावेत तर औषधावर टिकून असलेल्या माणसांनी काय करायचं? दोन वाजता सगळीकडे नर्सची पाळी बदलते. त्याआधी एक कागद सगळ्या इस्पितळांत जायला हवा आणि प्रत्येक पंपावर चिकटायला हवा. "दीड वाजेपर्यंत लिहून दे," साहेब म्हणाले. "पूर्वी लिहायचास तसं. यावेळी काय झालं होतं रे तुला?"

जागेवर येऊन त्यानं सगळी जुनी टिपणं उघडली. त्याची मूळची एका बाजूला, इस्पितळांत गेलेली दुसऱ्या बाजूला. सहा वर्षांपूर्वीपर्यंत दोन्हींत काही फरक नव्हता. दोन्हीकडे तेच दोन कोरडे शब्द. मग एका महिन्यापासून डाव्या बाजूला 'किरकोळ दुरुस्त्या' आणि उजव्या बाजूला पानभर मजकूर. 'आता तुम्हाला हिरव्या बटणाऐवजी पिवळं बटण दिसेल. ते दाबण्याआधी रुग्णाचं नाव एकदा मोठ्यानं वाचा.' 'पंप तीनदा वाजला तर नळी दुमडली आहे. आधी कोपर सरळ करून बघा, बहुतेक वेळा तिथंच असतं.' कोपर! कोपराचा विचार त्यानं जन्मात कधी केला नव्हता. त्यानं केला होता तो दाबाचा, आकड्यांचा. कुणीतरी इस्पितळात जाऊन खाटेशेजारी उभं राहून आलं होतं, पुन्हा पुन्हा. आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी तेच वाक्य, थांबवल्यानं काही बिघडत नाही, आणि त्याखाली त्याचं नाव. एकाहत्तर कागद. त्यानं मोजले, मग परत मोजले, जणू आकडा बदलला तर काही फरक पडणार होता. शेवटचा कागद मागच्या महिन्याच्या आधीच्या महिन्यातला होता. त्यानंतर पुन्हा दोन्ही बाजू सारख्या.

त्याची नजर आपोआप शेजारच्या टेबलाकडे गेली. ते रिकामं होतं. कुणीतरी त्यावर जादाच्या वायरींचा ढीग आणून टाकला होता. तिथं सहा वर्षं शंकाबाई बसायची. प्रोग्राम तपासणं हे तिचं काम, आणि शंका काढणं हा तिचा स्वभाव. म्हणून हे नाव. दिवसातून एकदा तरी ती खुर्ची सरकवून यायची. "मुनी, एक शंका. म्हणजे नर्सला नेमकं काय दिसणार?" तो पडद्यावरून मान न वळवता सांगायचा. "बरं, आणि तिनं नाहीच बघितलं तर?" तो पुन्हा सांगायचा, जरा तोडून. "आणि तेवढ्यात रुग्ण उठून बसला तर?" मग मात्र तो कानात इयरफोन घालून गाणी लावायचा. ती हसून परत जायची आणि तिच्या की-बोर्डचा आवाज बराच वेळ चालू राहायचा. बाई एवढं काय बडवत असते, असं त्याला वाटायचं. गेली सहा वर्षं ती त्याच्या दोन शब्दांचं पान करत होती. ते तिचं काम नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याची ओळ आणि तिचं वाक्य शेवटी समोरासमोर आली, ती एका अनोळखी माणसाच्या शिरेत.

मग त्याला ती मेल आठवली. इतकी अचानक आठवली, की त्यानं टेबलाची कड धरली. तीन महिन्यांपूर्वी खर्च आवरायचे दिवस होते, तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, तपासणीला वेगळा माणूस लागतो का? तुझं काम तर कधी चुकत नाही. तो कशात तरी गुंतला होता. त्यानं उत्तर दिलं होतं, 'गरज नाही.' ती मेल त्यानं आता शोधून काढली. आधी एका मीटिंगची वेळ, नंतर एका खुर्चीचं चाक तुटल्याची तक्रार, आणि मधे हे. दोन शब्द आणि एक पूर्णविराम. महिन्याभरात शंकाबाईनं सगळ्यांचा निरोप घेतला. त्याच्याशी हात मिळवताना म्हणाली होती, "सांभाळा हो." त्याला वाटलं होतं, बोलायची पद्धत आहे.

सव्वाबारा वाजले होते. त्यानं नवं पान उघडलं. मथळ्याच्या जागी बोट टेकवून 'कि' टाइप झालं मात्र, यंत्रानं पुढची अक्षरं फिकट करून समोर धरली, 'किरकोळ दुरुस्त्या'. त्यानं हात झटकन मागं घेतला. खरं म्हणजे त्याला 'कृपया' लिहायचं होतं की काय लिहायचं होतं, तेही त्याला आठवेना. बोटंच गेली होती तिकडं. त्यानं सगळं पुसलं आणि कोऱ्या पानाकडे बघत बसला. शाळेत निबंधाचा तास असला की तो असाच बसून राहायचा. गणितात एक उत्तर असतं, ते खाली अधोरेखित केलं की संपलं. निबंधात कुणाला काय सांगायचं हेच त्याला कळत नसे. शास्त्र शाखेला प्रवेश मिळाला त्या दिवशी पेढ्यांपेक्षा आनंद कशाचा झाला असेल, तर आता निबंध नाही, याचा. कॉलेजात तांत्रिक लेखनाचा एक तास आठवड्याला असायचा. तिथं एकानं बसायचं आणि आठ जणांच्या हजेरीच्या सह्या ठोकायच्या, अशी पाळी लावलेली होती. त्याची पाळी यायची तेव्हा तो शेवटच्या बाकावर बसून गणितं सोडवायचा. शिकवणाऱ्या बाई फळ्यावर काय लिहीत होत्या कोण जाणे. त्या बाईंचा चेहराही आता आठवत नव्हता, फक्त फळ्यावरच्या खडूचा आवाज आठवत होता.

होस्टेलवर असताना वडील पत्रं पाठवायचे. चांगली चार-चार पानांची. आईचा गुडघा, शेजाऱ्यांच्या घराचा रंग, नळाला पाणी किती वाजता येतं, सगळं. तो कार्डावर लिहायचा, 'पत्र पोचलं. ठीक आहे.' पुढच्या पत्रात वडील विचारायचे, 'ठीक म्हणजे कसं? जेवण आवडतं का? खोलीत उजेड आहे का?' आणि तो पुन्हा लिहायचा, 'ठीक.' तिसऱ्या वर्षाला वडील गेले. कपाटात एका डब्यात त्याची सगळी कार्डं नीट लावून ठेवलेली सापडली. प्रत्येक कार्डावर त्याच्या ओळीखाली वडिलांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. 'बहुधा परीक्षा बरी गेली असावी.' 'अक्षर घाईत आहे, थकला असेल.' 'थंडीचे कपडे पोचले असणार, नाहीतर मागितले असते.' तेव्हा तो ती कार्डं हातात घेऊन रडला होता आणि मग, माणसं विसरतात तसं, विसरला होता. आता इतक्या वर्षांनी, पडद्यावर एकाहत्तर कागद उघडे असताना, त्याला धक्काच बसला. आपण आयुष्यभर अर्धंच बोललो, आणि उरलेलं कुणीतरी आपल्यावरच्या मायेनं भरत राहिलं. जिथं कुणी भरलं नाही, तिथं एक माणूस बेशुद्ध पडला आहे आणि एक मुलगी घरी रडत बसली आहे.

पाऊण वाजता त्यानं शंकाबाईला फोन लावला. ती उचलणार नाही अशी त्याला खात्री होती. तिनं दुसऱ्याच घंटेला उचलला.

"मुनी? तुम्ही आणि फोन?"

त्यानं सांगितलं. कसंबसं, उलटसुलट, आधी शेवट आणि मग सुरुवात.

"ते वाक्य माझं होतं," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं ते लिहिण्याआधी. पंप कधीही थांबवला तर चालतो का, म्हणून. तुम्ही हो म्हणालात."

"तेव्हा चालत होता."

"हो. आणि तुम्ही तो बदललात, तेव्हा ते वाक्य भिंतीवर आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं. तुम्ही एकही कागद वाचला नाहीत ना कधी?"

"नाही."

पलीकडे कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तू लिहून दे ना," तो म्हणाला. आपला आवाज असा काकुळतीला आलेला त्यानं कधी ऐकला नव्हता. "मला येत नाही. दीड वाजता द्यायचंय."

"मुनी, तुमची ती दोन शब्दांची मेल साहेबांनी मला दाखवली होती. गरज नाही. सहा वर्षांत तुमचं तेवढंच एक लिखाण असं होतं, की ज्याला मला हात लावावा लागला नाही. अगदी स्वच्छ कळलं."

त्याच्या कानशिलात कुणी लगावल्यासारखं झालं. क्षणभर समोरच्या पडद्यावरची अक्षरंही दिसेनात. माफी मागावी असं त्याला वाटलं, पण त्यासाठीही शब्द लागतात, आणि त्याच्याजवळ होते ते सगळे आखूड होते.

"माझं चुकलं," तो शेवटी म्हणाला.

"त्याचं नंतर बघू," ती म्हणाली, आणि खुर्ची सरकवल्याचा तो जुना आवाज त्याला आल्यासारखा वाटला. "मी लिहिणार नाही. पण शंका विचारते. नर्स उभी आहे. हातात चादर आहे. पंप थांबवला, पाच मिनिटं झाली. आता तिनं काय करायचं?"

"सुरू करायचा नाही."

"मग?"

"डॉक्टरांना बोलवायचं. किती औषध द्यायचं उरलंय तो आकडा हातानं घालायचा. मगच सुरू करायचा."

"भिंतीवरच्या कागदाचं काय?"

"तो फाडायचा. आधी तो फाडायचा."

"का?"

"आता ते खरं नाही."

"आता जे बोललात तेच लिहा," शंकाबाई म्हणाली. "त्यात शहाणपणा घालू नका." आणि तिनं फोन ठेवला.

त्यानं लिहिलं. बोटं जड झाली होती, तरी लिहिलं. 'भिंतीवर थांबवल्यानं काही बिघडत नाही असा कागद असेल, तो आधी काढून टाका. आता ते खरं नाही. पंप दोन मिनिटांहून जास्त थांबला, की आधी किती औषध गेलं ते तो विसरतो. सुरू केलात तर पूर्ण औषध पहिल्यापासून देतो. म्हणून थांबवलेला पंप पुन्हा सुरू करू नका. डॉक्टरांना बोलवा. अजून किती औषध द्यायचं उरलंय तो आकडा हातानं घालूनच सुरू करा.' मग थोडा थांबला आणि त्यानं पुढं लिहिलं, 'हा बदल मी केला. तो तुम्हाला सांगणं माझं काम होतं. मी सांगितला नाही. काल ज्या नर्सनं पंप सुरू केला तिची यात काही चूक नाही.' खाली त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. एवढ्या वर्षांत आपल्या नावाच्या वर आपलीच वाक्यं त्यानं पहिल्यांदा पाहिली.

कंपनीच्या वकिलांनी कागद वाचला आणि शेवटच्या चार ओळींवर बोट ठेवलं. "हे काढा. हे लिहून दिलंत तर तुमची नोकरी जाईल, आणि नोकरीवर निभावलं तरी नशीब म्हणा." साहेब खिडकीबाहेर बघत होते. तो म्हणाला, "पाठवला." वकिलांना वाटलं, तो पाठवतो म्हणतोय. तो खरोखरच पाठवून आला होता. एक वाजून चोवीस मिनिटांनी, बारा ठिकाणी. वकील खुर्चीत बसले ते बसलेच. साहेबांनी नुसतं "अरे" म्हटलं.

मग उत्तरं येऊ लागली. एका इस्पितळातल्या नर्सनं विचारलं, कागद रंगीत छापला तर चालेल का. एकीनं फोटोच पाठवला, पंपावर कागद, शेजारी भिंतीवर चिकटपट्टीचे चार कोपरे उरलेले. मेट्रनबाईंनी लिहिलं, 'तुमचा कागद त्या पोरीच्या आईला वाचून दाखवला. गृहस्थ तसेच आहेत.' तो एकेका इस्पितळापुढं खूण करत गेला. पावणेदोन वाजता अकरा खुणा झाल्या. बारावं उत्तर पावणेदोन उलटल्यावर आलं. लांबच्या एका लहान इस्पितळातून. एकच शब्द.

'ठीक.'

साहेब म्हणाले, "झालं. सगळीकडं पोचलं." पण तो त्या शब्दाकडे बघत राहिला. तो शब्द त्याला चांगला ओळखीचा होता. आत काय असतं आणि काय नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याचे कान तापले. त्यानं फोन उचलला आणि तिथल्या वॉर्डच्या मोबाइलचा नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग एका तरुण मुलीनं उचलला, मागं भांड्यांचा आणि चपलांचा गलबला.

"ठीक म्हणजे कसं?" तो म्हणाला.

"कोण बोलतंय?"

"तुमच्याकडे एक कागद आलाय. पंपाचा."

"हो हो, आलाय. ठीक आहे, लावतो आम्ही. आत्ता पाळी बदलतेय हो आमची, जरा गडबड आहे."

"थांबा. फोन ठेवू नका. तुम्ही एका पेशंटची चादर बदलताय. पंप थांबवलाय, पाच मिनिटं झाली. आता काय कराल?"

"काय करणार?" मुलगी हसली. दिवसभराच्या कामानं थकलेलं, साधं, चांगलं हसू होतं ते. "सुरू करणार. आत्ता तेच करतेय, माझा हात बटणावरच आहे."

"हात काढा," तो म्हणाला. तो ओरडला असावा, कारण साहेब दचकून उभे राहिले. "बटणावरचा हात काढा. मी सांगतो. मी सगळं सांगतो तुम्हाला." आणि तो पहिल्यापासून सांगायला लागला.